योगिताची जन्मतारीख

मुलगी पहिल्यांदा ग्राउंडवर आली की मी तिच्या तोंडाकडे बघायचे नाही, पायांकडे बघायचे. आईबापांना वाटायचं, काय बाई आहे, नमस्कार राहिला बाजूला आणि चपला न्याहाळते! पण आमच्या कामात ते करावंच लागतं. बारा वर्षांच्या मुलीचा पाय आईच्या चपलेत मावत नसेल तर पोरगी अजून वाढणार. मग मनगट बघायचं, पंजा बघायचा, आई सोबत असेल तर तिलाही उभं करून बघायचं. एका आईने मला वैतागून विचारलं होतं, "काय मॅडम, मुलगी पसंत आहे ना? मग साखरपुड्याचं बोलू."

मी बास्केटबॉल शिकवायचे. अंबरनाथला एका पटांगणावर सत्तावीस वर्षं शिकवलं. त्याआधी एका सरकारी खात्याकडून खेळले, खेळावरच नोकरी लागली होती. माझी उंची पाच फूट अडीच इंच. रिक्षावाल्यापासून नगरसेवकापर्यंत ज्याला ज्याला मी सांगितलं की बास्केटबॉल खेळले, त्याने आधी मला वरून खालपर्यंत बघितलं आणि मग "अच्छा" म्हटलं. त्या "अच्छा"ची आता सवय झाली आहे.

या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, गमतीजमती लिहा, लोकांना आवडतं. गमती आहेत माझ्याकडे. पण त्या सांगून झाल्यावर एक गोष्ट सांगायची आहे, ती गमतीची नाही, आणि ती मी आजवर कुठे बोललेले नाही. माझं शिक्षण दहावी. लिहायचं कोणी शिकवलं नाही, तेव्हा बोलते तसंच लिहिणार. सांभाळून घ्या.

तसं खेळायलाही मला कोणी शिकवलं नाही. वडील काड्यापेटीच्या कारखान्यात होते आणि मी मावशीकडे उल्हासनगरला शाळेत जायचे. शेजारच्या शाळेत एक सिंधी सर मुलांना बास्केटबॉल शिकवायचे. मुलींना नाही. बॉल कंपाउंडवरून आमच्याकडे यायचा आणि मी तो परत फेकायचे. सर एक दिवस भिंतीवरून डोकावले आणि म्हणाले, "ए लडकी, इतना जोर से फेंकती है, तो अंदर आके फेंक ना!" तेवढंच माझं ॲडमिशन. पुढे शिकवायला लागले तेव्हाही पुस्तक नव्हतं. इंग्रजी पुस्तकातली चित्रं बघायची, घरी फरशीवर चिंचोके मांडायचे, पाच इकडे पाच तिकडे, आणि कोण कुठून पळालं तर कोण मोकळं सुटेल ते बघत बसायचं. आई म्हणायची, "हिला नोकरी लागली तरी चिंचोके सुटेनात."

माझा भाचा बोटीवर नोकरीला होता. त्याने एकदा सांगितलं, त्याच्याबरोबर फिलिपाइन्सचे खलाशी असतात, त्यांच्या देशात म्हणे गल्लोगल्ली रिंग लावलेली. नारळाच्या झाडाला ठोकतात आणि चपला घालून खेळतात. त्यातला एक पूर्वी पगारावर खेळणारा खेळाडू होता, मग कोच झाला, मग ते सुटलं आणि बोटीवर आला. उंची? भाचा म्हणाला, "मावशी, तुझ्याएवढाच असेल, दोन बोटं जास्त." त्या न बघितलेल्या माणसाचा मला फार आधार वाटायचा. मुली कुरकुरल्या की मी म्हणायचे, "अगं, तिथले लोक आपल्यासारखेच बुटके आहेत आणि चपला घालून खेळतात. तुम्हाला बूट आहेत." बोटीवर का गेला असेल बिचारा, हे मात्र मी मुलींना सांगायचे नाही.

ज्यांनी हा खेळ बघितला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. एका बाजूला पाच जणी. बॉल हातात धरून चालायचं नाही, आपटत न्यायचा. रिंग दहा फुटांवर. त्या रिंगखाली जी उभी राहते ती सेंटर. सेंटर म्हणजे घरातली थोरली सून. चुकलेलं सगळं तिने झेलायचं, कोपरं तिच्या बरगडीत बसणार, आणि शेवटी टाळ्या लांबून बॉल टाकणारीला. उंच मुलगी मिळाली की आम्ही तिला सेंटरला उभी करतो. उंच मुलगी मिळणं हेच अवघड.

उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये वाधूमल काकांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे सहा मशिनी. जीन्स शिवायचे, आमचे खेळाचे ड्रेसही तेच. पहिल्यांदा ड्रेस आणले तर पाठीवर एक ते बारा नंबर! मी कपाळाला हात लावला. तेव्हा आमच्यात चारपासून पंधरापर्यंतच नंबर चालायचे, कारण एक, दोन, तीन बोटं पंच गुण आणि फ्री थ्रो दाखवायला वापरतो. काकांना समजावलं. ते ऐकेनात. "अदी, बारा लडकी, एक से बारा नंबर. चार से कौन गिनती चालू करता है? तुम्हारा पंच गिनती नहीं सीखा क्या?" अदी म्हणजे त्यांच्यात मोठी बहीण. वयाने माझ्यापेक्षा वीस वर्षं मोठे, तरी मी अदी. शेवटी एक, दोन आणि तीन नंबर उसवून त्यावर तेरा, चौदा, पंधरा चिकटवले. पहिल्या मॅचला घाम आल्यावर तेरातला तीन गळून पडला आणि पंचांनी मला बोलावून घेतलं. काका प्रेक्षकांत बसले होते. ते तिथूनच ओरडले, "देखा? हम बोला था ना, एक नंबर ही बराबर है!"

पालकांचे तर नमुने विचारू नका. बदलापूरच्या एका आईने मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, हिची उंची आता थांबवता येईल का? पुढे मुलगा मिळायचा नाही." मी म्हटलं, अहो, मी वाढवू शकत नाही, थांबवू कशी? त्या म्हणाल्या, "मग खेळ थांबवते." थांबवला. ती मुलगी पाच फूट दहा इंच होती. मला अजून दिसते ती.

आता कागदांचं सांगते, कारण पुढची गोष्ट कागदाची आहे.

आमच्या पिढीत निम्म्या लोकांचा वाढदिवस एक जूनला असतो. माझाही एक जून. आईला विचारलं तर म्हणायची, "भातकापणी चालली होती तेव्हा झालीस." जूनमध्ये कुठली भातकापणी? पण शाळेत घालताना गुरुजींनी बोटावर काहीतरी मोजलं आणि एक जून टाकून दिलं. भावाला एक जून, शेजारणीला एक जून, खात्यात आमच्या टेबलावर चौघांना एक जून. आम्ही चौघं एकाच दिवशी रिटायर झालो आणि एकाच हारात उभे राहिलो. त्यामुळे जन्मतारीख ही काही फार पवित्र गोष्ट आहे असं मला कधी वाटलं नाही. ती कोणीतरी घालतं आणि मग आपण ती चालवतो, एवढंच.

खेळात मात्र तारखेवरच सगळं. सोळा वर्षांखालचा संघ, अठरा वर्षांखालचा संघ. एक जानेवारीला रेघ मारलेली असते. तिच्या अलीकडची, म्हणजे त्या तारखेनंतर जन्मलेली, चालते, पलीकडची नाही. एक दिवस जरी पलीकडे असेल तरी मोठ्यांत खेळा. आणि पंधराव्या वर्षी मोठ्यांत गेलेली मुलगी बाकावर बसते, दोन वर्षं बसते, मग घरी बसते. म्हणून आमच्यात "कागद बसवणं" चालायचं, म्हणजे कागदावरची तारीख सोयीची करून घेणं. कोणी उघड बोलत नसे. स्पर्धेला गेलं की एकमेकांच्या मुलींच्या दंडाकडे, चेहऱ्याकडे बघून आम्ही कोच लोक खोकायचो, बस. मी स्वतः कधी कागद बसवला नव्हता, आणि त्याचा मला थोडा ताठाही होता.

योगिता आली तेव्हा अकरा-बारा वर्षांची होती. बदलापूरला मांजर्लीत राहायची. वडील बाळारामभाऊ, मूळचे तिथलेच, जमीन होती ती इमारतींत गेली आणि राहिलेल्यातून टेम्पो घेतला. त्याच टेम्पोतून तिला घेऊन आले. उतरताना तिचं डोकं दरवाजाला आपटलं. भाऊ म्हणाले, "ताय, हिला घरान ठेवाची सोय नाय. भांड्याच्या फलीला डोका लावतं, पंख्याला हात लावतं. तुमच्याकडं काय उपेग व्हतं का बगा." मी पाय बघितले. वडिलांच्या चपला घालून आली होती आणि त्या तिला बरोबर बसत होत्या.

पुढची तीन वर्षं बाळारामभाऊ तिला आठवड्यातून पाच दिवस आणून सोडायचे. टेम्पोत कधी विटा, कधी लग्नाच्या खुर्च्या. त्यांना खेळ कळायचा नाही. योगिताने बॉल टाकला तरी टाळ्या, दुसरीने टाकला तरी टाळ्या, समोरच्या संघाने टाकला तरी टाळ्या. मुली हसायच्या. योगिता लाजून म्हणायची, "बाबा, तो त्यांचा बास्केट होता!" ते म्हणायचे, "मंग काय झाला? पोर तं चांगली खेलली."

मग तो पूर आला. उल्हास नदी मांजर्लीत शिरते हे काही नवीन नाही, पण त्या वर्षी तळमजल्याच्या पंख्यापर्यंत पाणी होतं. माणसं वरच्या मजल्यावर गेली म्हणून वाचली. चार दिवसांनी मी गेले तर बाळारामभाऊ ओट्यावर कागद वाळत घालत होते. सातबारा, रेशनकार्ड, टेम्पोचे कागद. वाळत काय घालणार? लगदा झाला होता. योगिताचा जन्म आजोळी घरीच झालेला, मुरबाडच्या बाजूला, तिचा दाखलाही त्या लगद्यात गेला.

"सगला गेला, ताय. आता हिचा नवा दाखला काडाला लागंल. कचेरीच्या भायेर तो मानूस बसतं, तो प्रतिज्ञापत्र करून देतं. तारीख काय घालू?"

योगिताचा खरा जन्म नोव्हेंबरच्या शेवटचा. सोळाखालच्या संघाची रेघ एक जानेवारीची. पाच आठवडे. पाच आठवड्यांनी ती मोठ्यांत पडत होती, आणि राज्याच्या निवडीला चारच महिने राहिले होते. मी तेच डोक्यात घेऊन गेले होते, असं म्हणत नाही. पण ते डोक्यात होतं.

मी हसत म्हटलं, "घाला पुढच्या वर्षीचा एक जून, माझ्यासारखा. तिचंही भलं, सरकारचंही भलं."

हसत म्हटलं हे खरं आहे. आणि त्यांनी मान डोलवली तेव्हा "अहो, गंमत केली" असं म्हटलं नाही, हेही खरं आहे.

दाखला आला. शाळेने तो बघून तारीख बदलली. मी फॉर्मवर सही केली. आमच्या बारा मुलींचा संघ त्या वर्षी जिल्ह्यात पहिला आला आणि योगिताची राज्याच्या शिबिरासाठी निवड झाली. अंबरनाथच्या आमच्या पटांगणावरून तोवर कोणी तिथवर गेलेलं नव्हतं. त्या शिबिरातून पुढे क्रीडा वसतिगृह, कॉलेज, नोकरी. मी ज्या वाटेने आले तीच वाट, पण रुंद.

शिबिर दुसऱ्या शहरात होतं. टेम्पोतूनच गेलो, पुढच्या सीटवर तिघं. तिथे कागद तपासायला टेबल मांडलेलं. टेबलामागे एक वयस्कर गृहस्थ, पांढऱ्या मिशा, चष्मा दोऱ्याने गळ्यात. हल्ली मनगटाचा एक्स-रे काढतात वय बघायला, पण पाच आठवडे एक्स-रेत दिसत नाहीत. त्या गृहस्थांना दिसली ती एक जून. त्यांनी दाखला जवळ धरला, मग लांब धरला, मग योगिताकडे बघितलं.

"बाळ, माझापण वाढदिवस एक जूनलाच असतो," ते म्हणाले. "पण माझ्या वयाचं ठीक आहे. आजकालच्या पोरांत ही तारीख मी बघितलीच नव्हती. केक कधी कापतेस गं?"

आवाज इतका गोड होता! आजोबांनी विचारावं तसा. मी तीन पावलांवर उभी होते. योगिताने एकदा माझ्याकडे बघितलं. तिला खेळताना सगळं शिकवलं होतं मी, खोटी हूल कशी द्यायची, नजर एकीकडे आणि बॉल दुसरीकडे कसा. पण कागदावरची हूल द्यायला शिकवली नव्हती.

"नोव्हेंबरात," ती म्हणाली.

त्यांनी दाखला बाजूला ठेवला. पहिल्या शाळेचं रजिस्टर मागवलं. ती शाळा टेकाडावर, तिथे पूर पोचला नव्हता. रजिस्टरात नोव्हेंबर होता, गुरुजींच्या सुवाच्य अक्षरात.

दहा दिवसांनी तिथेच चौकशीला बोलावलं. खोलीबाहेर बाक होता. त्यावर मी आणि बाळारामभाऊ, योगिता पाण्याच्या टाकीजवळ लांब उभी. आणि तिथे मी ते बोलले. शब्द आठवतात.

"भाऊ, माझं नाव यात आलं तर अख्खा संघ बाद करतील. बाकीच्या अकरा मुलींचं काय? दोघींचं कॉलेज या सर्टिफिकेटवर आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. टोपी काढून मांडीवर ठेवली होती, तिची घडी सरळ करत म्हणाले, "तुमचा नाव नाय येनार, ताय."

आत तिघं बसले होते. दाखला कोणी काढायला लावला, त्यांनी विचारलं. बाळारामभाऊ उभे राहिले. उभं राहायची गरज नव्हती. "मीच काडला साहेब. माज्याच अकलंनं. मॅडमना कायच ठाव नाय."

मधले साहेब माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्हाला माहीत होतं?"

"नाही," मी म्हटलं.

संघ वाचला. योगितावर दोन वर्षांची बंदी आली. पंधराव्या वर्षी दोन वर्षं म्हणजे काय, ते मी वर सांगितलंच आहे.

परत येताना टेम्पोत पुन्हा तिघं. भाऊ चालवत होते, योगिता खिडकीशी, मी मध्ये. बदलापूरच्या अलीकडे वांगणी आलं. मग ती खिडकीतून बाहेर बघतच म्हणाली, "बाबा, तुम्हाला कोणी सांगितलं होतं शहाणपण करायला?"

भाऊ म्हणाले, "चुकला माजा."

"तुम्हाला खेळातलं काही कळत नाही. कशाला हात घातलात?"

"चुकला, बाय."

मी मध्ये बसले होते. दोघांचेही खांदे मला लागत होते. मी गियरच्या दांड्याकडे बघत राहिले. स्वतःला सांगत राहिले, अकरा मुली, अकरा मुली.

योगिता पुन्हा ग्राउंडवर आली नाही. मी दोनदा घरी गेले. आई दारातच म्हणाली, "ती येत नाय, ताय. उगाच नका दमू." आळीत बोलणं पसरलं होतं की बापाने नको ती अक्कल चालवली आणि पोरीचं आयुष्य घालवलं. नाक्यावर पोरं त्यांना "एक जून" म्हणून चिडवायची. बाळारामभाऊ मला बाजारात भेटायचे, कधी स्टेशनबाहेर टेम्पो लावलेला असायचा. दर वेळी एकच विचारायचे, "पोरी कशा खेलतान, ताय?" मी म्हणायचे, चांगल्या खेळतात. यापुढे आमचं बोलणं कधी गेलं नाही. कितीदा वाटलं की आता बोलावं. पण नवीन मुली आलेल्या असायच्या, कुठलीतरी स्पर्धा जवळ असायची, मग म्हणायचे, ही स्पर्धा होऊ दे. माझ्याकडे स्पर्धा कधी संपल्याच नाहीत.

गेल्या हिवाळ्यात बाळारामभाऊ गेले. छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. बाराव्याला मी गेले. योगिता चिखलोलीहून आली होती, लग्न होऊन तिथे नव्या इमारतीत राहते, औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. मांडवात ती कोणा नातेवाईक बाईला सांगत होती, "बाबांनी आयुष्यात माझं एकच नुकसान केलं. बाकी काही कमी केलं नाही. पण ते एक..." मी पंगतीत बसून जेवले, हात धुतले आणि घरी आले.

त्यानंतर तीन महिने मला नीट जेवण गेलं नाही. आजारी नव्हते. भाऊ होते तोवर कुठेतरी वाटत होतं की सांगायचंच झालं तर दोघांना एकत्र बसवून सांगू. आता एकटीलाच सांगायचं राहिलं होतं. शेवटी एका रविवारी दुपारी चिखलोलीला गेले. चौथा मजला. तिची मुलगी झोपली होती, ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"मॅडम! या ना. किती वर्षांनी. चहा ठेवते."

"आधी बस. ऐक."

मी सांगितलं. ओट्यावरचा लगदा, एक जून, बाकावरचं बोलणं, खोलीतलं "नाही". ती घड्या घालत राहिली. लहान फ्रॉक, लहान चड्ड्या, टॉवेल. सगळं संपलं तेव्हा म्हणाली, "हसत म्हणालात?"

"हो."

"आणि बाबांना वाटलं, मॅडम सांगतात म्हणजे बरोबरच असणार."

"हो."

"मी टेम्पोत त्यांना बोलले, तेव्हा तुम्ही मध्ये बसला होतात."

"हो."

तिने घातलेली टॉवेलची घडी मोडली आणि पुन्हा घातली. "माझ्या लग्नात कन्यादान मी काकांना करायला लावलं. बाबांना म्हटलं, तुम्ही नका बसू. ते मागे खुर्च्या मोजत उभे होते. तुम्ही होतात की लग्नाला, जेवायला."

होते. बासुंदी होती.

"मला वाटायचं, मी नोव्हेंबर म्हणाले ते एक माझं चुकलं आणि तारीख बदलली ते बाबांचं. एवढ्या वर्षांत तिसरं कोणी माझ्या डोक्यातच आलं नाही." मग टॉवेल ढिगावर ठेवत म्हणाली, "तुम्ही सांगितलंत, तुमचं ओझं उतरलं. मी काय करू मॅडम याचं? कोणाला जाऊन सांगू?"

मी म्हटलं, तू म्हणशील ते करते. तेव्हा या अंकासाठी लेख मागितल्याचं मी तिला सांगितलं. ती उठली, पाण्याचा ग्लास आणून माझ्यासमोर ठेवला. चहाचं पुन्हा विचारलं नाही.

"तो अंक मांजर्लीत आमच्या आळीतल्या वाचनालयात येतो. काका वाचतात, नाक्यावरची ती पोरंपण आता बाप झाली आहेत, तीही वाचतील. त्यात लिहा. बाबांचं नाव घालून लिहा. आणि छापायला द्यायच्या आधी मला वाचून दाखवा."

दाखवलं. मी तिच्या खेळाबद्दल दीड पान लिहिलं होतं, रिंगखाली ती कशी उडायची, माझ्या हाताखालून गेलेल्या मुलींत तिच्यासारखी कशी दुसरी नव्हती. ते तिने सगळं काढायला लावलं. "ते नको," म्हणाली. अकरा मुलींबद्दल एक परिच्छेद होता, कोण आज कुठे आहे त्याचा. तोही काढला. "त्यांचा काय संबंध?" म्हणाली.

म्हणून आता फक्त हे. मांजर्लीचे बाळाराम यांनी मुलीची जन्मतारीख बदलली ती माझ्या सांगण्यावरून. चौकशीत ते माझ्यासाठी खोटं बोलले, आणि त्यांच्यानंतर मीही खोटं बोलले. मुलीचं नुकसान त्यांनी केलं नाही. मी केलं.

सगळं वाचून झाल्यावर योगिताने आणखी एक वाक्य सांगितलं. म्हणाली, "हेही लिहा, की आता तुम्ही रिटायर झालात, संघ दुसऱ्यांकडे गेला, तुमचं कोणी काही काढून घेऊ शकत नाही, म्हणून आता लिहिताय."

लिहिलं.